कुंकवाखालचा कागद

हजेरी झाली की ओव्हरसियर मस्टर मिटायचा आणि सायकल काढून वस्तीवर चहाला जायचा. त्या दिवशी त्याने मस्टर मिटलं, त्यावर दोन्ही हात ठेवले आणि समोर बसलेल्या दोनशे माणसांना विचारलं, "सुरुंगाचा दाखला कुणाकडं आहे का? सरकारी, सही-शिक्क्याचा?"

माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागली. बाहत्तर साल पावसावाचून गेलं होतं. त्र्याहत्तरच्या संक्रांतीला सुगडात घालायला बोरंही मिळाली नव्हती. जामखेडपासून चार कोसांवरच्या बोरदऱ्यातली निम्मी घरं कुलपं लावून प्रवरेकाठी ऊसतोडीला गेली होती आणि उरलेली दुष्काळी कामाच्या या खडी केंद्रावर बसली होती. खाणीत सुरुंग उडवायचा, फुटलेले धोंडे वर आणायचे आणि हातोडीने त्यांची खडी करायची, असं काम. खाणीतला सुरुंगवाला परवा बीडकडे विहिरींच्या कामावर निघून गेला होता. सुरुंग नाही तर धोंडा नाही, आणि धोंडा नाही तर कुणालाच हजेरी नाही.

"माझ्याकडं हाय," मागून आसाराम म्हणाला.

आधी झुंबरबाई हसली, मग तिच्या रांगेतल्या बाया. "आसारामभाऊ, तुमच्याच्यानं मुठीएवढा दगड फुटंना आन् डोंगर फोडाया निघाले व्हय?"

तिने लागावं म्हणून म्हटलं नव्हतं, पण ते खरं असल्यामुळे लागलं. दिवाळीपासून आसारामच्या उजव्या हाताची पकड गेली होती. तीन बोटं मिटतच नव्हती. हातोडी पाचव्या-सहाव्या घावाला निसटायची. या केंद्रावर खडीचं माप लाकडी पेटीने होई. पेटी भरली नाही तर त्या दिवशीची हजेरी खोडायची आणि आठवड्यात तीनदा खोडली की नावच कमी करायचं, असा नियम होता. आसारामची पेटी निम्म्यावर थांबे. उरलेली निम्मी त्याचा मुलगा गहिनीनाथ आपली पेटी भरून झाल्यावर भरायचा.

गहिनीनाथ बी.ए. होता. गावातला पहिला. नगरला वारावर जेवून शिकला, इतिहास घेऊन पास झाला आणि आठ महिने अर्ज करून झाल्यावर हातोडी घेऊन बापाशेजारी येऊन बसला. त्याच्या तळहातांना फोड येऊन गेले होते, घट्टे पडले होते. तो कुणाशी बोलत नसे. अलीकडे रात्री भाकर मोडायलाही त्याचे हात कापत. पोराच्या जिवावर दोन पेट्या फार दिवस निघणार नाहीत, हे आसारामला दिसत होतं. सुरुंगवाल्याला पेटी नसते. त्याला हातोडी धरावी लागत नाही. त्याला डोकं लागतं आणि कान लागतो. ते दोन्ही आसारामकडे अजून शाबूत होतं.

"गुरुवारपर्यंत दाखला आण," ओव्हरसियर म्हणाला. "नाहीतर देवळाली प्रवऱ्याहून एकजण यायला तयार आहे."

दाखला खरोखरच होता. राहुरीकडे धरणाचं काम चालू होतं तेव्हा आसाराम सहा वर्षं तिथल्या खाणीत होता. चौसष्ट साली परीक्षा घ्यायला बाहेरून साहेब आला. वाचता-लिहिता येत नव्हतं म्हणून तोंडी परीक्षा. साहेबाने विचारलं, "एका वेळी किती बार पेटवशील?" आसाराम म्हणाला, "मोजता येतील तेवढे." "मोजण्यात एक कमी आला तर?" "अर्धा तास कुणाला खाली सोडणार न्हाई. मीबी जाणार न्हाई." मग साहेबाने विचारलं, "दोन बार एकदम उडाले तर तुला एकच ऐकू येईल. मग?" आसाराम म्हणाला, "कानाला एक येतो, साहेब. तळपायाला दोन येतात. मी वहाणा काढून मोजतो." साहेबाने त्याच्या पायांकडे बघितलं आणि पास केलं. तीस जणांत चौघे पास झाले. फोटो चिकटवलेला, इंग्रजीत छापलेला कागद मिळाला.

तो कागद नऊ वर्षं घरात देवाच्या फळीवर होता. हरवला नव्हता, फाटला नव्हता, त्याला उंदीर लागला नव्हता. त्याच्या बायकोने, गोजरबाईने, त्याला जपलं होतं.

चौकट करायला ऐपत नव्हती म्हणून तिने तो खळीने एका फळकुटावर डकवला होता. दर दसऱ्याला घरातली पहार, दगड फोडायची सुतकी, कोयता, नांगराचा फाळ धुऊन मांडायची आणि त्यांना हळद-कुंकू वाहायची. त्या रांगेत तो कागदही बसायचा. धरणावर कुणाचा हात गेला, कुणाचा डोळा गेला, एकजण तर पुरता गेला; आपला माणूस अख्खा परत आला तो या कागदामुळे, असं तिचं म्हणणं होतं. म्हणून पहारीला एक बोट तर कागदाला पाच. ओलं कुंकू, ओली हळद. नऊ दसरे.

संध्याकाळी गहिनीनाथने फळकूट दारात उजेडाला धरलं. वरची ओळ वाचता येत होती आणि बापाचं नावही. त्याखाली सगळा लाल थर, जागोजागी पोपडे धरलेला. फोटोतल्या माणसाच्या कपाळाला लावलेलं कुंकू ओघळून छातीपर्यंत गेलं होतं. चेहरा म्हणून काही राहिलं नव्हतं. नंबर नव्हता, तारीख नव्हती, साहेबाच्या सहीची फक्त शेवटची शेपटी दिसत होती.

"पुसून बघ की," आसाराम म्हणाला.

गहिनीनाथने कापूस ओला करून एका कोपऱ्यावर हळूच फिरवला. कुंकू निघालं आणि त्याच्याबरोबर शाईही आली. खाली लाकूड दिसलं. त्याने हात आवरला.

गोजरबाई चुलीपुढे बसून रेशनच्या मिलोची लाल भाकर थापत होती. तिने मान वर केली नाही. "मला वाचता आलं असतं तर बाजूला लावलं असतं," ती म्हणाली.

"तुला कोण काय म्हनतंय का?" आसाराम म्हणाला.

"आई, सांगितलं होतं मी तुला. गेल्या दसऱ्याला माझ्या डिग्रीला लावायला आलीस तेव्हाच सांगितलं होतं. कागद म्हणजे देव नव्हे."

"तुझा कोरा हाय ना?" गोजरबाई म्हणाली. "एक ठिपका लागू दिला न्हाईस. मग काय केलं त्यानं?"

गहिनीनाथ उठून बाहेर गेला. त्याची पदवी पत्र्याच्या नळीत घालून आढ्याला टांगलेली होती, तिच्याकडे कुणी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओव्हरसियरने फळकूट हातात घेतलं, उन्हात तिरपं केलं, वास घेतला. तो वाईट माणूस नव्हता. "बाबा, यात तू कुठं आहेस?" त्याने विचारलं. "नंबर दिसत नाही, सही दिसत नाही. हे मी वर पाठवलं तर ते मला विचारतील, तुमच्याकडं कारकून आहे का पुजारी? धरणाच्या ऑफिसातून नक्कल आण. गुरुवारपर्यंत थांबतो."

बुधवारची एसटी धरून बाप-लेक नगरला आणि तिथून राहुरीला गेले. दोघांची हजेरी बुडाली. धरणाचं काम उरकत आलं होतं. कचेरीतल्या निम्म्या खोल्यांना टाळं होतं. कारकुनाने गहिनीनाथचा इंग्रजी अर्ज वाचला आणि लिहिलंय चांगलं असं म्हणाला. मग म्हणाला, चौसष्टचं रजिस्टर नाशिकला गेलंय. अर्ज ठेवा, तीन महिन्यांत कळवू.

दाराशी स्टुलावर बसलेला म्हातारा शिपाई आसारामला निरखून बघत होता. "अकरा नंबरच्या खाणीतला ना तू? वहाणा काढून मोजायचास तो?"

"व्हय. कानिफनाथ ना?"

कानिफनाथ उठून थेट कारकुनापुढे गेला. "साहेब, मी सांगतो की. ह्यो त्योच. ह्येच्या हातचा बार कधी फुकट गेला न्हाई."

"कानिफनाथ," कारकून शांतपणे म्हणाला, "तुम्ही शिपाई आहात. गॅझेटेड ऑफिसर नाही."

कानिफनाथने दोघांना चहा पाजला. त्याच्याजवळ देण्यासारखं तेवढंच होतं.

गुरुवारी ते केंद्रावर पोचले तेव्हा बाभळीखाली इस्त्रीच्या शर्टातला एक पोरगा बसला होता. वय पंचविशीचं. देवळालीहून यायचा होता तो हाच, पुंजाराम. त्याचा दाखला प्लॅस्टिकच्या पाकिटात होता, कडा अजून धारदार. ओव्हरसियरने नंबर उतरवून घेतला आणि काम संपलं.

दुपारी पुंजाराम आपण होऊन आसारामच्या ढिगापाशी येऊन उकिडवा बसला. "काका, खरं सांगू का? आमच्या मेव्हण्यानं खटपट करून कागद काढून दिला. चार दिवस शिकवलं, पण वात पेटवली की माझे पाय पळतात. तुम्ही संगं ऱ्हावा. भरायचं, ठासायचं, पेटवायचं तुम्ही. सही माझी."

आसारामने हातोडी खाली ठेवली. आपल्या न मिटणाऱ्या बोटांकडे त्याने एकदा बघितलं. मग म्हणाला, "चालंल."

ओव्हरसियरने मस्टरवर आसारामच्या नावापुढे 'मदतनीस' लिहिलं आणि दुसरीकडे बघितलं. मजुरी तीच, पण पेटी नाही. त्या रात्री गहिनीनाथ पोटभर जेवला आणि लवकर झोपला. गोजरबाईने फळकूट पुन्हा देवाच्या फळीवर ठेवलं. "काम तर लागलं ना," ती म्हणाली.

अकरा दिवस नीट गेले. आसाराम जिलेटिनच्या कांड्या भोकात सोडायचा, वर चिकणमाती ठासायचा, वाती कमी-जास्त लांबीच्या कापायचा, म्हणजे बार एकामागून एक उडावेत. पेटवून झालं की वहाणा हातात घेऊन कातळावर उभा राहायचा आणि मोजायचा. पुंजाराम लांब मुरमाच्या ढिगाआड असायचा. आसारामने मान हलवली की तो हिरवं निशाण दाखवायचा. हिरवं निशाण दाखवण्याचा हक्क दाखला असलेल्या माणसाचाच.

बाराव्या दिवशी दुपारी तीनला मोठे साहेब जीपमधून मोजणीला येणार होते. खडीचे ढीग कमी दिसत होते. ओव्हरसियर सकाळपासून घड्याळ बघत होता. अकराच्या सुमाराला बारा बार लावले. धूर निघाला, एकेक करून उडाले, धोंडे कोसळले, शांत झालं.

आसारामने मान हलवली नाही. तो तसाच उभा राहिला.

पुंजारामने ढिगाआडून डोकं काढलं. मागे ओव्हरसियर उभा होता. "झाले का रे? किती वेळ लावतोस?"

"झाले, साहेब. बारा," पुंजाराम म्हणाला आणि त्याने हिरवं निशाण वर केलं.

त्या दिवशी धोंडे वाहायची पाळी असलेली टोळी उठली. चाळीस माणसं, निम्म्या बाया. सगळ्यांत पुढे गहिनीनाथ होता. आसाराम अनवाणी धावत आला आणि उतारावर आडवा उभा राहिला.

"अकरा उडाले," तो म्हणाला. "एक आत हाय."

"काका, दोन जोडीनं गेले," पुंजाराम म्हणाला. "शेवटचे दोन. मला कळलं की."

"जोडीनं गेले असते तर जमिनीनं सांगितलं असतं. अकराच."

ओव्हरसियर खाली आला. "आसाराम, दाखला कुणाकडं आहे? तुझ्याकडं की याच्याकडं?"

"त्याच्याकडं."

"तो काय म्हणतोय?"

"बारा."

"मग बाजूला हो. तीन वाजता साहेबांनी रिकामी खाण बघितली तर केंद्र हलवतील. दोनशे माणसांचा प्रश्न आहे. तळपायाचं काय सांगतोस?"

आसाराम हलला नाही. झुंबरबाईने घमेलं डोक्यावरून उतरवून कमरेवर घेतलं. मागे सरली नाही की पुढेही गेली नाही. टोळी तशीच घुटमळत होती. आज खाली उतरलं नाही तर हजेरी नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हातारा येडा झालाय, चला." चार-दोन माणसं आसारामच्या बाजूने वाट काढू लागली. त्याने एकाच्या बंडीला हात घातला, पण उजव्या बोटांतून कापड निसटलं.

ओव्हरसियरने गहिनीनाथकडे बघितलं. "तू पुढं होतास ना? शिकलेला आहेस म्हणतात. काय शिकलास?"

"बी.ए."

"विषय?"

"इतिहास."

"मग तुम्ही सांगा," ओव्हरसियर म्हणाला. "बारा का अकरा?"

वाट काढणारी माणसं थांबली. आसारामने पोराकडे बघितलं. गहिनीनाथचा चेहरा धुळीने पांढरा झाला होता.

"अकरा," तो म्हणाला. "मी मोजले, साहेब. नक्की अकरा."

"लेखी द्याल?"

"देतो."

ओव्हरसियरने खिशातली वही काढली. गहिनीनाथने गुडघ्यावर वही ठेवून इंग्रजीत चार ओळी लिहिल्या, खाली नाव लिहिलं आणि नावापुढे बी.ए. ओव्हरसियरने ते पान वाचलं, फाडून घडी करून वरच्या खिशात ठेवलं आणि तो एका धोंड्यावर बसला. "अर्धा तास," तो सगळ्यांना म्हणाला.

अर्ध्या तासाने आसाराम एकटा खाली उतरला. पूर्वेच्या कोपऱ्यातलं तिसरं भोक तसंच होतं. मातीचा बुच जागेवर, वात वीतभर जळून काळी पडलेली. त्याने वर बघून एक बोट दाखवलं.

अडलेल्या बाराला हात लावायचा नसतो. त्याच्या बाजूला, हातभर अंतरावर, नवं भोक पाडून तिथून उडवायचं. आसारामने डाव्या हाताने पहार धरली आणि दर घावाला थोडी थोडी फिरवली. घण गहिनीनाथने मारले. पुंजाराम खाली उतरला नाही. दोनच्या आत नवा बार उडाला आणि त्याबरोबर आतला अडलेलाही गेला. कातळाचा आख्खा कोपरा खाली आला. वर रांगेत बसलेली झुंबरबाई म्हणाली, "आता झाले बारा." कुणी हसलं नाही.

मोठे साहेब तीनला आले, धोंडे बघून गेले.

पाच वाजता ओव्हरसियरने बाप-लेकांना तंबूत बोलावलं. मेजावर एक टाइप न केलेला, हाताने लिहिलेला अहवाल होता. पुंजाराम कोपऱ्यात उभा होता, खाली मान घालून.

"गहिनीनाथ, बसा," ओव्हरसियर म्हणाला. "बार अडला हे वर कळवावं लागतं. पण आसारामचं नाव त्यात घालता येत नाही. बिनदाखल्याचा माणूस बारुदीला हात लावत होता हे उघड झालं तर माझी नोकरी जाईल आणि केंद्राला टाळं लागेल. साक्षीदार म्हणून तुमची सही पाहिजे. आणि मस्टर कारकुनाची जागा रिकामी आहे. जागा मॅट्रिकची आहे; तुम्ही बी.ए. आहात हे मला आजच कळलं. उद्यापासून या."

गहिनीनाथने कागद हातात घेतला नाही. "आणि आबा?"

"आजपासून बारुदीजवळ नाही. खडीवर."

तंबूच्या कापडावर वारा आपटत होता. आसाराम म्हणाला, "काय लिवलंय ते वाच."

गहिनीनाथने वाचलं. सदर खाणीत बारा बार लावण्यात आले. पैकी अकराच उडाल्याचे दाखलाधारक श्री. पुंजाराम यांच्या लक्षात आले. त्यांनी नियमानुसार अर्धा तास मजुरांस रोखून धरले व अडलेला बार सुरक्षितपणे उडविला.

"माझं नाव कुठंच न्हाई?"

"नाही, आबा."

"आकडा बरोबर हाय ना? बारा लावले, अकरा उडाले?"

"हो."

"मग सही कर."

गहिनीनाथ बापाकडे वळला आणि इतक्या हळू बोलला की ओव्हरसियरने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. "आबा, मी मोजलेच नव्हते."

"ठाऊक हाय मला. कानात बोटं घालून ढिगाआड पडला व्हतास."

"मग?"

"मग काय? मी मोजलं तर कुनी थांबलं न्हाई. तू न मोजता सांगितलं तर चाळीस मान्सं थांबली. तुझ्या आईला म्हनावं, काय केलं त्या कागदानं विचारत व्हतीस ना?" आसारामने टाक पोराच्या हातात दिला. "कर सही. कारकुनाला पेटी नसती."

गहिनीनाथने सही केली. ओव्हरसियरने कागद टिपला, खणात ठेवला आणि मस्टर उघडून त्याच्यापुढे सरकवलं.

"उद्यापासून कशाला, आत्ताच सुरू करा. आसारामची आजची हजेरी मदतनीस म्हणून पडली आहे. अहवालात मदतनीसच नाही. ती खोडा. पेटी तर त्याने भरलेली नाही."

टाक कागदावर टेकला आणि तिथेच थांबला. शाईचा ठिपका मोठा होत गेला. उद्या संध्याकाळी पोराचा हाच हात आपली पेटी मोजणार आणि ती निम्मीच भरलेली निघणार, हे आसारामला त्या ठिपक्यात दिसलं. पोराला आता दुसरी निम्मी भरायला सवड असणार नव्हती. आजची एक खोडणी, पुढच्या दोन दिवसांत आणखी दोन. मग नावच कमी.

"खोड," तो म्हणाला. "डाग पडतोय."

गहिनीनाथने रेघ ओढली. सरळ ओढली, नाव खाली वाचता येईल अशी, नियमाप्रमाणे.

आसाराम तंबूबाहेर आला. सकाळी अकरापासून कमरेला खोचून ठेवलेल्या वहाणा त्याने जमिनीवर टाकल्या, पाय झटकले आणि पायात घातल्या.